घन माध्यमावर वाढलेली बुरशी मोजायची कशी? (ट्रायकोडर्मा, गव्हाचा कोंडा आणि घटणारं वजन)

चिपाड

नमस्कार मंडळी. गव्हाचा कोंडा आणि उसाची चिपाडं ७:३ प्रमाणात घेऊन त्यावर ट्रायकोडर्मा हार्झियानम (जैविक बुरशीनाशक म्हणून वापरतात ती बुरशी) वाढवायचं काम चालू आहे. ओलावा ६० टक्के, तापमान २८ °से, उथळ ट्रे. प्रत्येक ट्रेमध्ये सुरुवातीला ५० ग्रॅम कोरडा माल असतो. पाचव्या दिवशी ट्रे जाळ्याने गच्च भरलेला दिसतो, पण ओव्हनमध्ये वाळवून तोलला की ४१ ग्रॅम भरतो. द्रव माध्यमातली बुरशी गाळून, धुऊन, वाळवून तोलता येते. इथे तंतू कोंड्याच्या कणांत घुसलेले असल्यामुळे वेगळे काढता येत नाहीत.

प्लेटवर सीएफयू (वसाहत धरू शकणारे जिवंत तुकडे) मोजले तर तिसऱ्या दिवसापर्यंत आकडा जेमतेम हलतो आणि चौथ्या दिवशी एकदम शेकडो पटींनी वर जातो. बुरशी एका रात्रीत तेवढी वाढलेली नसणार.

विचारायचं ते असं : वजनातली घट हेच मोजमाप धरता येईल का? ग्लुकोसामीन (बुरशीच्या भिंतीतल्या कायटिनचा घटक) मोजावं की अर्गोस्टेरॉल (बुरशीच्या पेशीपटलातलं स्टेरॉल)? हाताशी स्पेक्ट्रोफोटोमीटर, ऑटोक्लेव्ह, सेंट्रिफ्यूज आहे. एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) दुसऱ्या विभागात आहे, वेळ ठरवून मिळतं.

श्वासमापी

वजन घटतंय ते बरोबरच आहे. बुरशी स्टार्च आणि सेल्युलोज खाते, त्यातल्या काही कार्बनचे तंतू होतात आणि उरलेला कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. म्हणजे घट = खाल्लेला माल वजा तयार झालेली बुरशी.

अडचण अशी की या समीकरणात दोन अज्ञात आहेत. तुमची घट ९ ग्रॅम. एक ग्रॅम माल खाऊन ०.५ ग्रॅम बुरशी होत असेल, तर १८ ग्रॅम माल खाल्ला गेला आणि ९ ग्रॅम बुरशी झाली. हाच उतारा ०.४ धरला तर १५ ग्रॅम माल आणि ६ ग्रॅम बुरशी. ०.३ धरला तर १२.९ ग्रॅम माल आणि ३.९ ग्रॅम बुरशी. तोलकाटा तोच, घट तीच, आणि उत्तरात दुपटीहून जास्त फरक. त्यात हा उतारा संवर्धनभर सारखा राहत नाही. वाढ मंदावली की बुरशी निव्वळ जगण्यासाठी माल जाळत राहते, म्हणून शेवटच्या दिवसांतली घट जवळजवळ सगळी श्वसनाची असते.

तरी वजनातली घट नोंदवणं सोडू नका. पुढच्या प्रत्येक हिशेबात ती लागणार आहे.

हरितकण

सीएफयूबद्दल. प्लेटवर एक वसाहत म्हणजे एक 'तुकडा'. तो तुकडा एक बीजाणू असेल किंवा दोन मिलिमीटर लांब तंतू असेल, प्लेटला फरक पडत नाही. बीजाणू धरेपर्यंत सीएफयू हे तंतूंचे तुकडे किती झाले तेवढंच सांगतं, आणि ते तुम्ही नमुना किती वेळ आणि किती जोरात ढवळलात त्यावर ठरतं. चौथ्या दिवशी हिरवा थर आला की ग्रॅमला १० चा आठवा-नववा घात बीजाणू सुटतात. वजनात त्यांचा वाटा थोडा, मोजणीत मात्र तेच सगळं व्यापतात.

शिवाय ट्रायकोडर्मात बीजाणू धरणं प्रकाशावर अवलंबून असतं, निळ्या प्रकाशाने ते सुरू होतं. खिडकीकडचा ट्रे आणि कपाटातला ट्रे यांचं तंतूंचं वजन सारखं असूनही सीएफयूमध्ये मोठा फरक येतो. तयार जैविक बुरशीनाशकाचा दर्जा ठरवायला सीएफयू योग्यच आहे, कारण शेतकऱ्याला जिवंत बीजाणू हवेत. वाढीचा आलेख काढायला ते चालत नाही.

कायटिनवाला

ग्लुकोसामीनपासून सुरुवात करा, तुमच्याकडे त्याची सगळी साधनं आहेत. बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असतं, गव्हात आणि उसात नसतं. कायटिन आम्लात तोडलं की ग्लुकोसामीन मिळतं आणि ते रंग आणून मोजता येतं.

पद्धत : वाळवून दळलेला, ०.५ मिमी चाळणीतून गेलेला ०.५ ग्रॅम नमुना घ्या. त्यात २ मिलि संहत सल्फ्युरिक आम्ल घालून काचेच्या कांडीने नीट मिसळा आणि २४ तास खोलीच्या तापमानाला ठेवा. कोरडी गुठळी राहिली तर आतलं कायटिन सुटत नाही, म्हणून पहिल्या तासात दोन-तीनदा ढवळा. मग मिश्रण बर्फात ठेवलेल्या पाण्यात हळूहळू ओतून आम्ल १ नॉर्मलवर आणा. २ मिलि संहत आम्लासाठी एकूण आकारमान साधारण ७२ मिलि होतं. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ °से, १५ पौंड दाबावर एक तास. थंड झाल्यावर सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीन करून १०० मिलि करा. इथे १ नॉर्मल अल्कली घेतली तर तिचेच ७२ मिलि लागतील आणि फ्लास्क ओसंडेल. १० नॉर्मल घ्या, सव्वासात मिलिच्या आसपास लागेल.

गाळून घेतलेल्या द्रावणातलं १ मिलि, त्यात १ मिलि ॲसिटिलॲसिटोन अभिकर्मक, उकळत्या पाण्यात २० मिनिटं. थंड करून ६ मिलि इथेनॉल, मग १ मिलि अर्लिच अभिकर्मक (रंग आणणारं द्रावण), ६५ °से ला १० मिनिटं. ५३० नॅमीला वाचा. स्टँडर्ड कर्व्ह मिलिलिटरला १० ते १०० मायक्रोग्रॅम.

आता घोळ कुठे होतो ते. बाटलीत येतं ते ग्लुकोसामीन हायड्रोक्लोराइड. त्याचं रेणुभार २१५.६, मोकळ्या ग्लुकोसामीनचं १७९.२. १०० मिग्रॅ ग्लुकोसामीन हवं तर क्षार १२०.३ मिग्रॅ तोलावा लागतो. हे विसरलं की सगळा संच २० टक्क्यांनी फुगतो, आणि आलेख सरळ रेषेतच येत असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरं, कोंड्यात स्टार्च भरपूर. आम्लात तापवलं की साखरेपासून तपकिरी रंग सुटतो आणि ५३० ला तोही वाचला जातो. म्हणून प्रत्येक नमुन्याची एक जादा नळी अर्लिचशिवाय चालवा आणि तिचं रीडिंग वजा करा. तपकिरीपणा फारच असेल तर एमबीटीएच (निळा रंग देणारं दुसरं अभिकर्मक) पद्धतीकडे वळा. राइड आणि ड्रिस्डेल यांची १९७२ ची. तीत ग्लुकोसामीनवर ५ टक्के सोडियम नायट्राइट आणि ५ टक्के पोटॅशियम बायसल्फेट यांची क्रिया १५ मिनिटं होऊ देतात, जादा नायट्रस आम्ल १२.५ टक्के अमोनियम सल्फामेटने मारतात, मग ०.५ टक्के एमबीटीएच घालून ३ मिनिटं उकळतात, ०.८३ टक्के फेरिक क्लोराइड घालून अर्ध्या तासाने ६५० नॅमीला निळा रंग वाचतात. साखरेचा त्रास हिच्यात कमी. एमबीटीएचचं द्रावण रोज ताजं करा. सल्फामेट घातल्यावर वायू सुटतो, म्हणून नळी मोठी घ्या, बूच सैल ठेवा आणि फ्यूमहूडमध्येच काम करा. सल्फामेटनंतर पुरेसं हलवलं नाही तर उरलेलं नायट्राइट एमबीटीएचला खाऊन टाकतं आणि रंग फिका येतो.

चिपाड

धन्यवाद, फार उपयोगी. बुरशी न लावलेला, फक्त ऑटोक्लेव्ह केलेला कोंडा याच पद्धतीने केला तरी शून्य येत नाही, थोडं रीडिंग येतंच. ते कशामुळे?

कायटिनवाला

तीन कारणं. पहिलं, वर सांगितलेला तपकिरी रंग. दुसरं, कोंड्यावर साठवणीत आधीच वाढलेली बुरशी. ऑटोक्लेव्हने ती मरते, तिचं कायटिन जागेवरच राहतं. तिसरं, धान्यातले किडे. सोंड्यांचं कवच कायटिनचंच असतं, आणि दळलेल्या कोंड्यात त्याचे तुकडे डोळ्यांना दिसत नाहीत. कोंडा ताजा आणा, चाळा, एकाच पोत्यातला सगळ्या प्रयोगाला पुरेल इतका बाजूला काढून फ्रीझरमध्ये ठेवा.

जिवाणूंचा संसर्ग झाला असेल तर त्यांच्या भित्तीतलं ग्लुकोसामीनही मिसळतं. नमुना काढताना थोडा भाग न्यूट्रिएंट अगारवर पसरून बघा.

आणि स्टँडर्ड पाण्यात बनवून खात्री करू नका. बिनबुरशीच्या कोंड्याच्या द्रावणात माहीत असलेलं ग्लुकोसामीन घाला, समजा २० मायक्रोग्रॅम, आणि ते किती परत मिळतं ते पाहा. ९० ते ११० टक्क्यांच्या आत नसेल तर आधी ते दुरुस्त करा.

तोलकाटा

या सगळ्याआधीची गोष्ट : नमुना कसा घेताय? ट्रेच्या मधोमध तापमान जास्त, कडेला कोंडा सुकलेला, खाली ओल साचलेली. त्यातून चमचाभर काढून केलेली तीन रीडिंग म्हणजे एकाच ट्रेच्या तीन कोपऱ्यांची रीडिंग. त्यावर काढलेल्या सरासरीला अर्थ नाही. वर प्रत्येक वेळी ट्रे उघडून उकरला की तंतू तुटतात आणि पुढची वाढ बदलते.

त्यापेक्षा २५० मिलिचे फ्लास्क घ्या, प्रत्येकात १० ग्रॅम मिश्रण, आणि दर वेळी तीन अख्खे फ्लास्क बाद करा. सहा वेळा नमुना घ्यायचा असेल तर १८ फ्लास्क बुरशीचे आणि किमान ६ बिनबुरशीचे. पाण्याचा हिशेब : मिश्रणात मुळात ११ टक्के ओलावा असेल तर १० ग्रॅममध्ये कोरडा माल ८.९ ग्रॅम. ६० टक्के ओलाव्याला एकूण वजन ८.९ भागिले ०.४, म्हणजे २२.२५ ग्रॅम. म्हणून १२.२५ मिलि पाणी लागेल. त्यातलं १ मिलि बीजाणूंच्या द्रावणासाठी राखा आणि ११.२५ मिलि क्षारद्रावण ऑटोक्लेव्हपूर्वी घाला. बीजाणू ०.१ टक्के ट्वीन-८० मध्ये, हिमोसायटोमीटरवर मोजून, कोरड्या मालाच्या ग्रॅमला १० चा सहावा घात.

वाळवणं ६० °से ला करा. १०५ ला वाळवलं की साखर आणि अमिनो आम्लं मिळून तपकिरी पदार्थ बनतात आणि वर सांगितलेला रंगाचा त्रास वाढतो. ओलाव्यासाठी वेगळा छोटा भाग १०५ ला ठेवा, तो रासायनिक तपासणीला वापरू नका.

आता माझ्या मते सर्वांत मोठी गफलत होते ती छेदात. ग्लुकोसामीन 'ग्रॅममागे इतके' असं लिहितात, पण कुठला ग्रॅम? माल घटतोय. बुरशी अजिबात न वाढता नुसता माल जळला तरी आजच्या ग्रॅममागचा आकडा वाढलेला दिसेल. चिपाड यांच्या ट्रेवर बघू. समजा पाचव्या दिवशी ०.५ ग्रॅम नमुन्याच्या १०० मिलि द्रावणात मिलिलिटरला ४० मायक्रोग्रॅम आलं. म्हणजे ४ मिग्रॅ, आजच्या ग्रॅममागे ८ मिग्रॅ. सुरुवातीच्या ग्रॅममागे ८ गुणिले ४१ भागिले ५०, म्हणजे ६.५६. ब्लँक (बिनबुरशीच्या कोंड्याचं रीडिंग) ग्रॅममागे १ मिग्रॅ असेल तर निव्वळ ५.५६. सगळे आकडे सुरुवातीच्या कोरड्या मालावर लिहायचे आणि ब्लँकही त्याच पायावर वजा करायचा.

चिपाड

म्हणजे ५.५६ मिग्रॅ ग्लुकोसामीन. यावरून बुरशी किती? वाचनात फॅक्टर (ग्रॅमभर बुरशीत ग्लुकोसामीन किती तो आकडा) वेगवेगळे सापडतात.

कायटिनवाला

सापडणारच. बुरशीच्या कोरड्या वजनात ग्लुकोसामीन किती हे जातीवर, वयावर आणि खाद्यावर ठरतं. कोवळ्या टोकांत भित्त पातळ, जुन्या भागात जाड. ग्रॅमला ६० मिग्रॅ धरलं तर तुमच्या ५.५६ चे ९३ मिग्रॅ बुरशी होतात, ८० धरलं तर ७० मिग्रॅ, १०० धरलं तर ५६. पन्नास ग्रॅमच्या ट्रेत अनुक्रमे ४.६, ३.५ आणि २.८ ग्रॅम. दुसऱ्याच्या जातीचा, दुसऱ्या माध्यमावरचा फॅक्टर उचलणं म्हणजे हवं ते उत्तर निवडणं झालं.

फॅक्टर स्वतः काढा. कोंडा बारीक दळून, ओलावून पेट्रीडिशमध्ये लगदा थापा, ऑटोक्लेव्ह करा, त्यावर ०.४ मायक्रॉनचा निर्जंतुक पॉलिकार्बोनेट पडदा अंथरा आणि त्यावर बीजाणू पसरा. अन्न पडद्यातून वर येतं, तंतू पडद्यावर राहतात. २४, ३६, ४८, ७२, ९६ तासांनी पडद्यावरची बुरशी सोलून, वाळवून, ०.१ मिग्रॅच्या काट्यावर तोला आणि तिचंच ग्लुकोसामीन करा. प्रत्येक वयाचा वेगळा फॅक्टर मिळतो. पडद्यावरून मिळणारी बुरशी थोडी असते, ०.५ ग्रॅम जमणार नाही. १० ते २० मिग्रॅ घेऊन ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात, घट्ट झाकणाच्या नळीत १०० °से ला ४ ते ६ तास करा. आणि मग कोंड्याचे एक-दोन नमुनेही याच आम्लाने करून दोन्ही पद्धती जुळतात का पाहा.

सेलोफेनचा पडदा घेऊ नका. ट्रायकोडर्मा सेल्युलोज खातो, सेलोफेन त्याच्यासाठी अन्नच.

पडद्यावरची वाढ ही कोंड्याच्या आतल्या वाढीची हुबेहूब नक्कल नाही, तिथे आत शिरणारे तंतू नसतात. तरी द्रव माध्यमातल्या बुरशीवरून काढलेल्या फॅक्टरपेक्षा हा कितीतरी जवळचा.

श्वासमापी

३.५ ग्रॅम हा आकडा माझ्या वरच्या हिशेबात घालून बघा. घट ९, बुरशी ३.५, म्हणजे खाल्लेला माल १२.५ आणि उतारा ०.२८. पाचव्या दिवसाला, बीजाणू धरून झाल्यावर, हे पटण्याजोगं आहे. हेच उत्तर ०.८ आलं असतं तर ग्लुकोसामीनमध्ये काहीतरी चुकलंय असं लगेच म्हणता आलं असतं. दोन स्वतंत्र मोजमापं एकमेकांवर अशी तपासता येतात.

तंतुजाल

अर्गोस्टेरॉलबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. एचपीएलसी मिळत असेल तर माझी पसंती त्यालाच. कोंड्यातल्या वनस्पती स्टेरॉलना, म्हणजे सिटोस्टेरॉल वगैरेंना, २८२ नॅमीला शोषण नाही, कारण त्यांच्या वलयात तो जोडीचा दुहेरी बंध नाही. अर्गोस्टेरॉलला २७१, २८२ आणि २९३ असे तीन ठळक शिखरं आहेत. डायोड ॲरे (सगळ्या तरंगलांबी एकदम वाचणारा शोधक) असेल तर ओळख पक्की होते. किड्यांच्या कवचाचा आणि जिवाणूंचा त्रास इथे जवळपास नाही.

०.२ ते ०.५ ग्रॅम नमुना, मिथेनॉलमध्ये १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड १० मिलि, ८० °से ला तासभर, घट्ट झाकण. थंड करून थोडं पाणी घालून हेक्सेनने तीनदा काढा, हेक्सेनचे थर एकत्र करून नायट्रोजनखाली ४० °से ला उडवा, १ मिलि मिथेनॉलमध्ये विरघळवून ०.४५ मायक्रॉनमधून गाळा. सी-१८ स्तंभ, २५० गुणिले ४.६ मिमी, शुद्ध मिथेनॉल मिनिटाला १ ते १.५ मिलि, २८२ ला शोध. काढताना किती हरवलं हे कळण्यासाठी सुरुवातीलाच ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल घाला, तेही २८२ लाच दिसतं.

कोंड्यात मेद असतो. अल्कली कमी पडली की साबण नीट होत नाही, हेक्सेन आणि पाण्यामध्ये फेसाळ थर अडकतो आणि निम्मं अर्गोस्टेरॉल त्यात जातं. तसं झालं तर सेंट्रिफ्यूज करा. चिमूटभर मीठ घातल्यानेही थर सुटतो. सगळं काम मंद प्रकाशात, अंबर रंगाच्या काचेत. अतिनील प्रकाशात अर्गोस्टेरॉल मोडून ड-२ जीवनसत्त्वाकडे जातं, ट्यूबलाइटखाली उघड्या वायलमध्ये दिवसभर ठेवलेला अर्क भरवशाचा राहत नाही.

प्रमाण बहुतेक बुरशींत ग्रॅमला २ ते १० मिग्रॅ, ५ च्या आसपास बरेचदा. पण हेही बदलतं. अर्गोस्टेरॉल बनायला ऑक्सिजन लागतो, त्यामुळे ट्रेच्या तळाच्या दाट थरात ते कमी आणि वरच्या थरात जास्त. हवेची तुलना करणारा प्रयोग असेल तर अर्गोस्टेरॉल एकटं वापरू नका, फरक बुरशीचा की ऑक्सिजनचा हे सांगता येणार नाही. कोंड्यात यीस्ट पावडर घालत असाल तर यीस्टचं अर्गोस्टेरॉलही मोजलं जाईल. पिथियम, फायटोफ्थोरा यांच्यासाठी तर हे निरुपयोगी, त्यांच्यात ते नसतंच.

कायटिनवाला

तंतुजाल यांच्याशी सहमत, एक पुस्ती. बुरशी मरून आतला जीवरस गेला तरी भिंतीतलं कायटिन उरतं. अर्गोस्टेरॉल पेशीपटलातलं, ते साधारण लवकर मोडतं, अंधारात मात्र मेलेल्या तंतूंतही बराच काळ टिकतं. म्हणून दोन्ही केली आणि शेवटच्या दिवसांत अर्गोस्टेरॉल उतरतंय, ग्लुकोसामीन तिथेच आहे असं दिसलं, तर तंतू विरघळायला लागलेत असं समजायला हरकत नाही.

श्वासमापी

वाढीचा वेग हवा असेल, एकूण वजन नको असेल, तर नमुना न उकरता कार्बन डायऑक्साइड मोजा. काचेचा उभा स्तंभ, ४ सेमी व्यास, २० सेमी उंची, पाण्याच्या टाकीत उभा. राइम्बो आणि अलाझार यांनी १९८० मध्ये मांडलेली ही रचना आजही सर्वांत सोयीची आहे. आत २० ग्रॅम कोरडा माल, म्हणजे ओला ५० ग्रॅम. खालून मिनिटाला १०० मिलि हवा, आधी सोडालाइममधून (तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो) आणि मग पाण्याच्या बाटलीतून ओली करून. वरून निघालेली हवा बर्फातल्या नळीतून आणि सिलिका जेलमधून सुकवून अवरक्त सेन्सरला. सेन्सर ० ते ५ टक्क्यांचा घ्या. खोलीतली हवा तपासायचे स्वस्त सेन्सर ०.५ टक्क्यालाच अडतात आणि आलेखाचा माथा सपाट दिसतो. तो सपाटपणा बुरशीचा नसतो.

बाहेरच्या हवेत १ टक्का आला तर मिनिटाला १ मिलि, तासाला ६० मिलि. समुद्रसपाटीला ३० °से ला हे २.४ मिलिमोल, म्हणजे १०६ मिग्रॅ. पुण्यात हवेचा दाब साधारण ६ टक्के कमी, तेवढी दुरुस्ती करा, मुंबई-रत्नागिरीत गरज नाही.

सेन्सर नसेल तर १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचे ५० मिलि सापळ्यात ठेवा. पूर्ण क्षमता २५ मिलिमोल, वरच्या वेगाला दहा तासांत संपेल, म्हणून सहा तासांनी बदला. ५ मिलि काढून त्यात १ मोलर बेरियम क्लोराइडचे ५ मिलि घाला, कार्बोनेट खाली बसतं, उरलेली अल्कली ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग जाईपर्यंत टायट्रेट करा. खर्ची पडलेल्या १ नॉर्मल अल्कलीच्या प्रत्येक मिलिमागे २२ मिग्रॅ कार्बन डायऑक्साइड. बेरियम विसरलं तर कार्बोनेटचं अर्धं टायट्रेशन त्यात मिसळतं आणि उत्तर कमी येतं.

यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब अशी : सुरुवातीच्या वेगवान टप्प्यात कार्बन डायऑक्साइडचा वेग बुरशीच्या वजनाच्या प्रमाणात असतो. त्या वेगाचा लॉगॅरिदम काळाच्या समोर मांडला तर सरळ रेषा येते आणि तिचा चढ म्हणजेच विशिष्ट वाढीचा वेग. कोणताही फॅक्टर लागत नाही, बुरशीचं वजन माहीत असायची गरज नाही. रेषा वाकायला लागली की तिथून पुढे हा हिशेब थांबवायचा.

उष्णतेकडे दुर्लक्ष करू नका. तासाला २.४ मिलिमोल म्हणजे साधारण १.१ किलोज्यूल उष्णता. ती बाहेर गेली नाही तर ५० ग्रॅम ओला माल तासाला ७ अंशांनी तापेल. टाकीचं पाणी २८ ला आणि स्तंभाचा गाभा ३८ ला असं होऊ शकतं. थर्मोकपल गाभ्यात खुपसा, टाकीचं तापमान लिहून भागत नाही.

धिंगरी

माझा प्रश्न थोडा बाजूचा. धिंगरी अळंबीसाठी सोयाबीन कुटार आणि भाताचा पेंढा यांची तुलना करायची आहे. नळीत भरून बुरशीची पुढे सरकणारी कड रोज मिलिमीटरमध्ये मोजली तर पुरे का?

तंतुजाल

कोणता माल लवकर व्यापला जातो हे सांगायला पुरे. नळीतली कड मोजायची रीत जुनी आहे, न्यूरोस्पोरासाठी रायन, बीडल आणि टेटम यांनी १९४३ मध्ये वापरली. पण कड पुढे सरकणं आणि बुरशीचं वजन या वेगळ्या गोष्टी. कडेचा वेग हा विशिष्ट वाढीचा वेग गुणिले कडेच्या वाढणाऱ्या पट्ट्याची रुंदी असतो. गरीब मालावर तंतू विरळ राहून लांब पळतात, समृद्ध मालावर दाट फांद्या फुटतात. दोन्हींचा मिलिमीटरचा आकडा सारखा येऊ शकतो.

भरण्याची घनता सारखी ठेवा, प्रत्येक नळीत तोलून तेवढाच माल, तेवढ्याच उंचीपर्यंत ठोकून. सैल पेंढ्यात कड भराभर जाते आणि श्रेय पेंढ्याला मिळतं. नळीवर चार बाजूंनी मार्करने खुणा करा आणि सरासरी घ्या, कारण काचेला चिकटलेला पेंढा ओला असल्याने त्या बाजूने कड पुढे असते. पहिले दोन दिवस सोडून मधल्या सरळ भागाचाच चढ काढा.

पेट्रीडिशवर करत असाल तर वसाहतीच्या कडेचाच ६ मिमी तुकडा घ्या, मधला जुना नको. काटकोनात दोन व्यास मोजा, ६ वजा करा, अर्धे करा. ट्रायकोडर्मा ९० मिमीची डिश तीन-चार दिवसांत भरतो, रोज एकदा मोजून रेषा काढायला बिंदूच पुरणार नाहीत, दर ८ तासांनी मोजा.

भिंतरंग

कोकणातल्या दमट हवेत रंग लावलेल्या पट्ट्यांवरची बुरशी मोजणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. एएसटीएम (अमेरिकी चाचणी-मानक) जी २१ मध्ये नमुना २८ दिवस ठेवतात आणि ० म्हणजे वाढ नाही, ४ म्हणजे ६० टक्क्यांहून जास्त भाग व्यापलेला. एएसटीएम डी ३२७३ मध्ये मात्र १० म्हणजे स्वच्छ आणि ० म्हणजे पूर्ण व्यापलेलं. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचताना दिशा उलटी आहे हे लक्षात ठेवा. आणि दोन्ही पृष्ठभागाचा व्याप सांगतात, जाडी किंवा वजन नाही.

प्रायमर

क्यूपीसीआरचा (डीएनएच्या प्रती वाढवत बुरशी मोजण्याचा) विचार कोणी करत असेल तर आयटीएस (बुरशी ओळखायला नेहमी वापरतात तो डीएनएचा भाग) घेऊ नका, त्याच्या प्रती जातीजातीत आणि एका जातीतही बदलतात. एकच प्रत असलेलं जनुक घ्या. कोंड्यातले फिनॉलिक पदार्थ क्रिया अडवतात, म्हणून प्रत्येक अर्काचं दहापट पातळ करून पुन्हा रीडिंग घ्या. फरक ३.३ चक्रांच्या आसपास हवा. २ आला तर अडथळा आहे. मिश्र बुरशीतली एकच जात मोजायची असेल तेव्हा याला तोड नाही, कारण कायटिन कोणाचं हे रसायन सांगत नाही. एकट्या ट्रायकोडर्मासाठी मी एवढा खर्च करणार नाही.

चिपाड

सर्वांचे मनापासून आभार. आता असं ठरवलंय : १० ग्रॅमचे फ्लास्क, ०, २४, ४८, ७२, ९६ आणि १२० तासांना तीन-तीन बाद. प्रत्येकाची वजनातली घट आणि ग्लुकोसामीन एमबीटीएचने. ४८ आणि १२० तासांचं अर्गोस्टेरॉल. पडद्यावरून प्रत्येक वयाचा फॅक्टर. सगळे फ्लास्क अंधारात. अल्कलीच्या सापळ्याचा एक स्तंभ सोबत. काढलेले फ्लास्क लगेच ६० °से च्या ओव्हनमध्ये ठेवेन.

तोलकाटा

शेवटचं बदला. ओला कोंडा फ्लास्कसकट ओव्हनमध्ये ठेवला तर त्याचा गाभा तासदोन तास ३० ते ४० अंशांतच राहतो, आणि तेवढा वेळ बुरशी श्वसन करत राहते. ४८ तासांच्या नमुन्यात वाढ सर्वांत जोरात असते, चूकही तिथेच सर्वांत मोठी येईल. फ्लास्कमधला माल ट्रेमध्ये काढून ५ मिमीच्या थरात पसरा, आधी उणे २० ला तीन-चार तास गोठवा, मग ओव्हन. फ्लास्कला चिकटलेले तंतू रबरी खरवडणीने काढून त्याच नमुन्यात घाला, आणि अर्गोस्टेरॉलसाठीचा भाग ओव्हनमध्ये न घालता गोठवलेलाच अंधारात ठेवा किंवा फ्रीझ ड्रायरने वाळवा.

तंतुजाल

आणि अर्गोस्टेरॉल काढताना पडद्यावरची बुरशी सोलूनच घ्या, पडद्यासकट अल्कलीत टाकू नका. गरम मिथेनॉली पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पॉलिकार्बोनेट विरघळतो आणि स्तंभ तुंबतो.